चोखणी आखाजीच्या आधी तोडावी की नंतर?

तापीकाठची
आमचा मुलगा दोन वर्षे चार महिन्यांचा आहे आणि त्याची चोखणी (पॅसिफायर) अजून सुटलेली नाही. ती आमच्या घरात हौस म्हणून आली नव्हती. तो ३३व्या आठवड्यात जन्मला, वजन १,७०० ग्रॅम भरले आणि १९ दिवस त्याला नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले. नळीने दूध चालू असताना तेथील सिस्टर त्याच्या तोंडात छोटीशी चोखणी धरत असत. चोखणे आणि पोट भरणे यांची सांगड बसली की अशी मुले लवकर अंगावर पिऊ लागतात, असे त्यांनी मला समजावले होते आणि झालेही तसेच. म्हणून सासूबाई तिला 'शहरी थेर' म्हणतात तेव्हा मला मनातून लागते.

आता मात्र प्रकरण वाढले आहे. त्याला तीन चोखण्या लागतात: एक तोंडात, एक मुठीत आणि तिसरीच्या कडीची कड तो झोप लागेपर्यंत डाव्या भुवईवर घासत राहतो. दिवसाही ती तोंडातून निघत नाही. ओठ मिटत नसल्यामुळे 'पाणी'चे 'आणी' होते आणि 'बाबा' तर नुसते 'आआ' उरतात.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तीन आठवड्यांवर आली आहे. मी माहेरी, शिरपूर तालुक्यातील आमच्या गावी जाणार आहे. आईचा फोन आला की शेवटी एकच वाक्य असते, 'त्याच्या तोंडातलं ते काढून आण बाई, सगळी गल्ली बघायला येईल.' बालरोगतज्ज्ञ म्हणाले की तिसऱ्या वर्षाच्या आत सुटली म्हणजे झाले, मात्र आतापासून ती फक्त झोपेपुरती ठेवा. सासूबाई कडुनिंबाचा पाला वाटून लावायला सांगतात. हे काम जाण्यापूर्वी उरकावे की परत आल्यावर निवांतपणे करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

केळीबागवाला
ताई, आखाजीला आमच्या गावात चांगले पन्नाशीचे बाप्ये पत्त्यांचा नाद सोडू शकत नाहीत, आणि तुम्ही दोन वर्षांच्या पोराकडून तीन आठवड्यांत नाद सोडण्याची अपेक्षा करत आहात. बाकी वासराचे दूध तोडायचे असेल तर आम्ही त्याच्या तोंडाला मुसके बांधतो. तो उपाय येथे चालणार नाही, हे मलाही समजते.

रुळांच्या_गावचा
आम्ही भुसावळचे, आणि आमच्या मुलीची चोखणी आम्ही सोडवली नाही, ती घरीच विसरली. नागपूरला लग्नाला निघालो होतो. मलकापूर येईपर्यंत ही खिडकीत रमली होती, शेगावला तिने पहिल्यांदा मागितली आणि तेव्हा आमच्या लक्षात आले की ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिली आहे. अकोल्यापर्यंत डब्यातील प्रत्येक माणसाने आपला उपाय सांगून झाला होता, आणि बडनेऱ्याला एका आजोबांनी आपली जागा बदलून घेतली. नागपुरात उतरताच मी औषधांच्या दुकानाकडे निघालो होतो, परंतु पत्नी म्हणाली की इतके सहन केलेच आहे तर आता परत फिरू नका. पहिल्या रात्री दीड तास, दुसऱ्या रात्री अर्धा तास रडली. तिसऱ्या रात्री लग्नाच्या गडबडीत कोणाच्या तरी मांडीवरच झोपून गेली. त्यामुळे माझे मत असे आहे की एका झटक्यात तोडावे आणि एकदा तोडल्यावर मागे फिरू नये.

धुळ्याची_दंतवैद्य
येथे वैद्यकीय बाजू थोडी सविस्तर लिहिते, कारण दर आठवड्याला हा प्रश्न माझ्यासमोर येतो आणि पालक एकतर फार घाबरलेले असतात किंवा अगदीच बेफिकीर असतात.

चोखणे ही वाईट सवय नाही. बाळ पोटात असल्यापासून चोखते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर पहिल्या वर्षी झोपताना चोखणी द्यावी असे सुचवते, कारण झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूचा धोका त्यामुळे कमी होतो असे आढळले आहे. मात्र अंगावरचे पिणे नीट रुळल्यावरच ती द्यावी, असे त्या सांगण्याबरोबर येते. सहा महिन्यांनंतर हे गणित बदलू लागते. चोखणी सतत तोंडात असलेल्या मुलांमध्ये मध्यकर्णाचा संसर्ग अधिक आढळतो, आणि पुढे दातांचा प्रश्न येतो.

दातांचे असे होते की चोखणी तोंडात असताना जीभ खाली दबून राहते, आणि गाल बाहेरून वरच्या जबड्याला दाबत राहतात. आतून जिभेचा आधार नसल्याने टाळू हळूहळू अरुंद होतो आणि दाढांकडे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसू लागतात. पुढच्या बाजूला मात्र वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, मध्ये फट राहते. ही फट सवय लवकर सुटल्यास बहुतेक वेळा आपोआप भरून येते. दाढांकडचा उलटा चावा मात्र तितक्या सहजपणे सुधारत नाही. बालदंतवैद्यांची अमेरिकन संघटना ३६ महिन्यांच्या आत सवय थांबवावी असे म्हणते, ते याच कारणाने. दुधाचे वीसही दात त्याच सुमारास येऊन पूर्ण होतात.

ताई, तुम्ही घरी एक गोष्ट पाहा. मुलगा पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडतो का, की तोंडाच्या कोपऱ्यात नेऊन हाताने ओढतो? कोपऱ्यात नेत असेल तर फट पडू लागली आहे असे समजून एकदा दाखवून घ्यावे. सवय दिवसात किती तास चालते, याला फार महत्त्व आहे. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा 'फक्त झोपेपुरती' हा सल्ला आजच अमलात आणण्यासारखा आहे, आखाजी केव्हाही असो.

अमळनेरची_आजी
माझी तीन मुले आणि पाच नातवंडे झाली, कोणालाही हे रबर लागले नाही. कडुनिंबाचा पाला वाटून लावावा, दोन दिवसांत मूल स्वतःच थुंकून टाकते. अंगावरचे दूध तोडतानाही आम्ही तेच करत होतो आणि त्यात कोणाचे काही बिघडले नाही.

चोपड्याची_मास्तरीण
आजी, आपल्या वयाचा मान राखून एक सांगते. माझ्या जाऊबाईंनी कडुनिंबाऐवजी मिरचीचे पाणी लावले होते. मुलाने ती तोंडातून काढली, मग त्याच हाताने डोळे चोळले, आणि पुढचा तासभर आम्ही त्याचे डोळे धूत बसलो. कडुनिंबाने डोळे जाणार नाहीत हे मान्य आहे, परंतु ज्या वस्तूने मूल आजवर शांत होत आले तीच वस्तू, तीही आईच्याच हातून, अचानक कडू निघावी, हे मला पटत नाही.

दुसरा एक उपाय बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो, तो म्हणजे चोखणीचे टोक थोडे कापून टाकणे, म्हणजे चोखल्यावर हवा येते आणि मुलाची गोडी जाते. तो कृपा करून कोणीही करू नये. कापलेल्या कडेने रबर फाटत जाते, तुकडा सुटून घशात अडकू शकतो. चोखणी दोऱ्याने गळ्यात बांधणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

धुळ्याची_दंतवैद्य
मास्तरीणबाईंशी पूर्ण सहमत आहे. त्याच ओघात मधाचेही सांगते. रडते म्हणून चोखणी मधात बुडवून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि वर्षानंतरही गोडात बुडवलेली चोखणी रात्रभर तोंडात राहिली तर पुढचे दात किडून काळे पडतात.

शब्दांचा_नाद
किंचित विषयांतर करतो. या वस्तूला आपल्या भागात नेमके नाव नाही, हे कोणाच्या लक्षात आले आहे का? मी जळगावात एका दुकानात 'चोखणी' मागितली तर दुकानदाराने दात येणाऱ्या बाळाचे रबरी कडे दाखवले. 'निपल' म्हटल्यावर बाटलीचे बूच आले. 'पॅसिफायर' म्हटल्यावर त्याने आत आवाज दिला, 'चुसनी दे रे एक.' लहानपणी जत्रेत खुळखुळ्यांच्या शेजारी लाखेच्या रंगाची लाकडी चोखणी टांगलेली असे, ती मात्र सर्वांना याच नावाने ठाऊक होती. ताईंनी मथळ्यात 'तोडावी' हे क्रियापद वापरले आहे, ते मला फार आवडले. दूध तोडतात, तशी चोखणीही तोडतात.

रुळांच्या_गावचा
आमच्या रेल्वे वसाहतीत ती 'चुसनी'च आहे, आणि तिच्यावरून मराठी व हिंदी भाषकांमध्ये आजवर एकदाही वाद झालेला नाही.

रात्रपाळी
अमळनेरच्या आजींच्या 'कोणालाही लागले नाही' या वाक्यावर मला थोडे लिहावेसे वाटते. रबर लागत नव्हते हे खरे आहे, परंतु काहीच लागत नव्हते असे नाही. माझी पणजी कापूस वेचायला जाताना तान्ह्या मुलाला फडक्याच्या पुरचुंडीत गूळ बांधून चोखायला देत असे, असे आजी सांगायची. मुंबईच्या कापडगिरण्यांत जाणाऱ्या बायका पोरे दिवसभर झोपून राहावीत म्हणून अफूची बाळागोळी देत, हे तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सरकारी चौकशांतही नोंदले गेले आहे. त्या बायकांना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तरीही 'आमच्या वेळी असले काही नव्हते' हे वाक्य ऐकले की मला ती पुरचुंडी आठवते.

अमळनेरची_आजी
पुरचुंडी आमच्याकडेही होती. ते मी विसरले होते, खोटे बोलत नव्हते.

नंदुरबारची_सून
मला मूळ प्रश्नाबद्दल वेगळे मत मांडायचे आहे. तीन आठवड्यांची ही मुदत मुलासाठी नाही, गल्लीसाठी आहे. आखाजीला गल्ली तुमच्या घरी दोन दिवस येईल, पण रात्री जागायचे तुम्हाला आहे. आम्ही माझ्या मुलीची चोखणी दिवाळीच्या आधी घाईने काढून घेतली, कारण जावेच्या मुलाची केव्हाच सुटली होती. आठ दिवसांत ती अंगठा चोखू लागली. चोखणी कपाटात ठेवता येते, अंगठा कोठे ठेवणार? आता ती पाच वर्षांची आहे आणि दूरदर्शनसमोर बसली की अंगठा अजूनही तोंडात जातो. घर बदलणे, नवे बाळ येणे, बालवाडी सुरू होणे, ताप येऊन गेलेला असणे, अशा कोणत्याही गडबडीत हे काम काढू नये. माहेरची यात्रा हीदेखील मुलाच्या दृष्टीने गडबडच आहे, तुमच्या दृष्टीने कितीही सुखाची असली तरी.

पिंपळपार
माझा अनुभव नेमका उलट आहे. आजोळी दहा मावस-मामे भावंडे, अंगणात कडुनिंबाला बांधलेला झोका, रात्री गच्चीवर एका ओळीत टाकलेली अंथरुणे, यांत आमच्या मुलाला चोखणीची आठवणच राहिली नाही. जळगावच्या फ्लॅटमध्ये तो आणि ती दोघेच असतात. तेथे तिला पर्याय नव्हता.

सातपुड्याच्या_पायथ्याशी
माझी चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणी ती करणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी देवदर्शनाला गेलो असता आम्ही मुलाची चोखणी पिशवीत लपवली आणि 'माकडाने नेली' असे सांगितले. वाटले, किती सोपे झाले! तो रडलाही नाही. पण त्या रात्रीपासून तो खिडकी उघडी ठेवू देईना. एप्रिलचा महिना, पारा ४३ अंशांवर, आणि आमच्या खोलीची खिडकी बंद. माकड आता बाबांनाही नेईल का, असे तो विचारत असे. दोन महिन्यांनी त्याच पिशवीत चोखणी त्याच्याच हाती लागली. माझ्याकडे पाहून तो इतकेच म्हणाला, 'माकडाने आणून दिली?' मला होय म्हणण्याचे धैर्य झाले नाही आणि नाही म्हणण्याचेही.

अहिराणी_पोऱ्या
आमच्या आजीने शहरातील नातवाला पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारले होते, 'यान्हा तोंडमा काय शे व माय?' तिला वाटले की पोराने कशाचे तरी बूच गिळले आहे. तिने बोट घालून ते ओढून काढले, आणि मग पोरगा, आजी व वहिनी हे तिघेही अर्धा तास रडत होते.

चोपड्याची_मास्तरीण
चर्चा मुळाकडे नेते. नंदुरबारच्या ताई आणि पिंपळपार यांच्यात मला तसा विरोध दिसत नाही. एकदम काढून घेण्यापेक्षा जागा ठरवून द्यावी. आम्ही बिछान्याच्या उशाशी स्टीलचा एक डबा ठेवला होता. चोखणीचे घर तो डबा, आणि ती घराबाहेर पडत नाही. मुलगा दिवसा तेथे जाऊन आडवा होऊन चोखत असे, आणि पाच मिनिटांत कंटाळून खेळायला येत असे. त्याला कोणी नाही म्हणत नव्हते, फक्त खेळ आणि चोखणी एकाच ठिकाणी मिळत नव्हती. दोन आठवड्यांत दिवसाची सुटली. रात्रीची सुटायला आणखी दीड महिना लागला आणि त्याची आम्ही घाई केली नाही. ताई, तुमच्याकडे तर तीन आहेत. आधी तीनच्या दोन करा.

तापीकाठची
सर्वांचे मनापासून आभार मानते. डॉक्टर, मी पोळी देऊन पाहिली, तो पुढच्या दातांनीच तोडतो, त्यामुळे जीव थोडा भांड्यात पडला. नंदुरबारच्या ताईंचे 'मुदत गल्लीसाठी आहे' हे वाक्य मी यजमानांना वाचून दाखवले, आणि ते म्हणाले की हेच मी आठवडाभर सांगत होतो. त्यांनी असे काहीही सांगितले नव्हते.

डबा ठेवला आहे. जुन्या पेढ्यांचा आहे, झाकण घट्ट बसते, त्याला स्वतःला उघडता येत नाही, त्यामुळे तो डबा घेऊन माझ्याकडे येतो आणि आम्ही दोघे मिळून बिछान्याकडे जातो. भुवईवर घासायच्या चोखणीचे मात्र काय करावे ते समजत नाही. ती तो चोखतच नाही, तिच्याशिवाय झोपत मात्र नाही.

धुळ्याची_दंतवैद्य
जी चोखली जात नाही तिच्याशी दंतवैद्याचे भांडण नाही. ती राहू द्या.

पिंपळपार
यावर्षी माहेरी नेताना डबाही न्या. डबा म्हणजे घर असेल, तर घर बरोबर आले असे होईल.

[१७ दिवसांनंतर]

तापीकाठची
आखाजी झाली, परवा परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

डबा बरोबर नेला होता. निघताना दिवसाची चोखणी जवळजवळ सुटली होती, त्यामुळे गल्लीने पाहण्यासारखे काही उरले नव्हते, आणि आईचा थोडा हिरमोड झाला असावा, कारण तिने शेजारच्या काकूंना आधीच सर्व सांगून ठेवले होते. तो दिवसभर माझ्या भाचीच्या मांडीवर बसून झोका खात होता. सात वर्षांच्या त्या मुलीने गौराईची गाणी म्हणताना त्याला इतके घट्ट धरले होते की त्याच्या पोटावर तिच्या बांगड्यांचे वळ उमटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो झोपेतून उठला आणि चोखणी तोंडात तशीच ठेवून गोठ्यात गेला. तेथे केळीबागवाले दादांचे मुसके प्रत्यक्ष भेटले. भावाने एका वासराचे दूध तोडायला घेतले होते आणि त्याच्या तोंडाला मुसके बांधलेले होते. वासरू गाईच्या कासेला ढुशी देत होते, आणि गाय लाथ झाडून बाजूला सरकत होती. हा बराच वेळ पाहत उभा राहिला. मग त्याने चोखणी तोंडातून काढली, सदऱ्याला पुसली आणि वासरापुढे धरली. वासराने मान झटकली, चोखणी शेणात पडली.

मी ती उचलली नाही. इतकेच म्हणाले की आता ती शेणात पडली, तोंडात घालता येणार नाही. पिशवीत आणखी दोन होत्या हे मी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. त्या रात्री गच्चीवर भावंडांमध्ये तो झोपून गेला. दुसऱ्या रात्री त्याने विचारले, 'वासरू आडतं?' वासरू रडते का, असे त्याला म्हणायचे होते. मी म्हणाले, थोडे रडले असेल.

घरी परत आल्यावर मात्र पलंग पाहताच त्याला सारे आठवले. परवा रात्री चाळीस मिनिटे रडला. मी शेजारी पडून राहिले आणि डबा यजमानांनी माळ्यावर ठेवला होता, त्यामुळे मोह आवरणे सोपे गेले. काल दहा मिनिटे रडला. भुवईवर आता तो माझ्या पदराची काठाकडची बाजू घासतो, म्हणून मी दोन दिवस तीच जरीची जुनी साडी नेसून झोपते आहे. सुटली असे मी अजून म्हणत नाही.

रुळांच्या_गावचा
तिसरी रात्र आज आहे. आमच्या हिशोबाने आज झोपेल.

अमळनेरची_आजी
त्या काठाचा एक तुकडा कापून त्याच्या हातात द्या, म्हणजे तुम्हाला कूस बदलता येईल.

चोपड्याची_मास्तरीण
आजी, हा उपाय मी लिहून ठेवते आहे.

केळीबागवाला
वासराला चोखणी देणारा मुलगा पुढे शेतकरी होणार, त्याला आतापासूनच केळीचे दर सांगून ठेवा. मी यावर्षी पत्त्यांना हात लावणार नाही असे ठरवले होते आणि आखाजीच्या दिवशी ३४० रुपये हरलो. माळ्यावरच्या डब्यात त्या दोनांपैकी एखादी शिल्लक असेल तर पोस्टाने पाठवून द्यावी.